सँडविच : नावाचा आणि वस्तूचा इतिहास

१

शब्दांच्या जन्मकथा वर्गात सांगण्याचा प्रसंग आला, म्हणजे सँडविचची कथा हटकून सांगितली जाते. इंग्लंडात एक जुगारी उमराव होता. खेळ सोडून जेवणास उठणे त्याच्या जिवावर येई. म्हणून पावाच्या दोन कापांमध्ये मांसाचा तुकडा घालून आणावयास त्याने नोकरास सांगितले. एका हातात पत्ते व दुसऱ्या हातात घास असे त्याचे चालले. आणि पुढे त्याच्या पदवीवरून त्या पदार्थास सँडविच हे नाव पडले. कथा लहान आहे, मुलांना ती आवडते आणि एकदा ऐकली की सहसा विसरली जात नाही. आम्हीही ती विद्यार्थ्यांना पुष्कळ वर्षे निःशंकपणे सांगत आलो.

पुढे तिचे आधार पाहू लागलो, तेव्हा असे ध्यानात आले, की या एवढ्याशा कथेत तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही वस्तू केव्हापासूनची आहे, हा पहिला प्रश्न. तिला हे नाव केव्हा व कसे मिळाले, हा दुसरा. आणि ती जगभर का पसरली, हा तिसरा. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या उमरावापाशी नाही. दुसऱ्याचे काहीसे आहे. तिसऱ्याचे मुळीच नाही. तरीही तिन्हींचे श्रेय आपण एका रात्रीच्या जुगाराला देऊन मोकळे होतो. विषय खाद्यपदार्थाचा आहे म्हणून तो क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. उगमकथेवर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास पावलोपावली पडतो, आणि त्याचा वस्तुपाठ घेण्यास सँडविचसारखे सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

२

प्रथम वस्तूचा विचार करू. भाजलेल्या पिठाच्या पदार्थात कोरड्यास घालून तो हातात धरून खाणे, ही कल्पना सुचण्यास उमरावाची आवश्यकता नाही. शेताच्या बांधावर बसून तळहातावर भाकरी आणि भाकरीवर झुणका किंवा चटणी घेऊन जेवणारा आपल्याकडील शेतकरी ताट आणि अन्न ही दोन्ही कामे एकाच भाकरीकडून करून घेतो. युरोपातही मध्ययुगात शिळ्या पावाचे जाड काप ताटाच्या जागी मांडण्याची रीत होती. त्यांवर मांस व रस्सा वाढीत आणि जेवण आटोपल्यावर रसाने भिजलेले ते काप गोरगरिबांना अगर कुत्र्यांना टाकीत.

याहून जुना आणि अधिक निश्चित दाखला यहुदी परंपरेत आहे. इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकात होऊन गेलेला हिल्लेल हा धर्मपंडित वल्हांडण सणाच्या रात्री कोकराचे मांस व कडू भाजी बेखमीर भाकरीबरोबर एकत्र करून खात असे, अशी नोंद आहे. त्या रात्रीच्या विधींत आजही बेखमीर भाकरीच्या दोन तुकड्यांमध्ये कडू भाजी घालून ती हिल्लेलच्या स्मरणार्थ खाल्ली जाते. या विधींचा ‘हग्गादा’ हा ग्रंथ बेने इस्रायल समाजासाठी १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला होता. म्हणजे मराठी वाचकांपैकी एका समाजाला हा आचार आपल्या भाषेत वाचावयास मिळूनही आता दीड शतक उलटले आहे. तेथे तो घास सोयीसाठी घेतलेला नव्हे. दास्याच्या कडवट आठवणीचा तो घास आहे.

तिसरा दाखला इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जॉन रे याचा. त्याने १६७३ साली आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. हॉलंडमधील खाणावळींत आढ्याला टांगलेले गोमांस त्याने पाहिले. त्याच्या पातळ चकत्या कापून लोणी लावलेल्या पावावर ठेवून लोक खातात, असे त्याने लिहून ठेवले आहे. सँडविचच्या चौथ्या अर्लचा जन्म यानंतर पंचेचाळीस वर्षांनी झाला. तेव्हा वस्तूचा शोध त्याने लावला असे म्हणण्यास जागा उरत नाही. बांधावरच्या, खाणावळीतल्या आणि सणाच्या रात्रीच्या त्या घासांना स्वतंत्र नाव असण्याची गरज कोणास वाटली नव्हती, इतकेच.

३

आता नावाकडे वळू. सँडविच हे केंट परगण्यातील एक जुने बंदर. त्या नावाचा अर्थ वाळूवर वसलेले व्यापारी ठाणे असा होतो. एडवर्ड माँटेग्यू या दर्यासारंगाने १६६० साली राजा दुसरा चार्ल्स यास परत इंग्लंडात आणण्याच्या कामी साहाय्य केले. त्याबद्दल त्यास या गावाच्या नावे अर्ल ही पदवी मिळाली. आपल्या कथेचा नायक जॉन माँटेग्यू (१७१८–१७९२) हा याच घराण्यातील चौथा अर्ल. तो केवळ चैनी सरदार नव्हता. इंग्लंडच्या आरमार खात्याचे प्रमुखपद त्याने तीन वेळा सांभाळले, आणि त्यांतील शेवटची कारकीर्द १७७१ ते १७८२ अशी दीर्घ होती. कॅप्टन कुक याने १७७८ साली हवाई बेटांना ‘सँडविच बेटे’ असे नाव दिले ते याच्याच सन्मानार्थ. संगीताचाही त्यास नाद होता; १७८४ साली हँडेलच्या स्मरणार्थ लंडनमध्ये जो मोठा संगीतोत्सव झाला त्याच्या पुरस्कर्त्यांत तो होता.

नावाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख सापडतो तो एका इतिहासकाराच्या रोजनिशीत. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणारा एडवर्ड गिबन त्या वेळी पंचवीस वर्षांचा होता. २४ नोव्हेंबर १७६२ या दिवशी लंडनमधील ‘कोको ट्री’ या क्लबात त्याने रात्रीचा फराळ केला. राज्यातील वीस-तीस प्रतिष्ठित पुरुष लहान लहान मेजांशी बसून थंड मांस अगर सँडविच खात असल्याचे दृश्य त्याने टिपून ठेवले आहे. या नोंदीतील महत्त्वाची गोष्ट अशी, की सँडविच म्हणजे काय हे गिबन समजावून सांगत नाही. ज्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही तो शब्द निदान लिहिणाऱ्याच्या वर्तुळात रुळलेला असतो. म्हणजे १७६२ च्या अखेरीस हे नाव लंडनच्या उच्चवर्गात परिचित होते.

जुगाराची कथा मात्र यानंतरची आहे आणि ती एकाच साक्षीदाराची आहे. पिएर-झाँ ग्रोस्ले हा फ्रेंच गृहस्थ १७६५ साली लंडनला आला होता. त्याचे ‘लाँद्र’ हे पुस्तक १७७० मध्ये निघाले व १७७२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. इंग्रजांच्या जुगारवेडाविषयी लिहिताना तो सांगतो, की एक राज्यमंत्री चोवीस तास जुगाराच्या मेजाशी बसून राहिला आणि तेवढ्या वेळात भाजलेल्या पावाच्या दोन कापांमधील गोमांसाखेरीज त्याने काही खाल्ले नाही. आपण लंडनमध्ये असतानाच हा नवा पदार्थ लोकप्रिय झाला व त्यास त्या मंत्र्याचे नाव पडले, असेही तो म्हणतो.

ही साक्ष तपासून पाहण्यासारखी आहे. पहिली अडचण कालगणनेची. १७६५ साली जो पदार्थ नवा म्हणून ग्रोस्लेच्या कानी आला, त्याचे नाव गिबनने तीन वर्षे आधी सहज लिहिलेले आहे. दुसरी अडचण अशी, की ग्रोस्ले स्वतः त्या मेजाशी नव्हता. परक्या शहरात त्याने ऐकलेली ती वदंता होती. तिसरी गोष्ट त्या वेळच्या राजकारणाची. जॉन विल्क्स या लोकप्रिय पुढाऱ्यास अडचणीत आणण्यासाठी नोव्हेंबर १७६३ मध्ये सँडविचने उमरावांच्या सभेत त्याच्याकडे निघालेले एक अश्लील काव्य वाचून दाखविले. विल्क्स हा पूर्वी त्याचा सोबती. त्यामुळे लोकांनी सँडविचला मित्रद्रोही ठरविले आणि एका लोकप्रिय संगीतनाटकातील फितूर चोराचे नाव त्यास चिकटविले. अशा माणसाविषयी दोन वर्षांनी लंडनमध्ये कोणत्या गोष्टी बोलल्या जात असतील, याची कल्पना करणे अवघड नाही. आरमाराचा इतिहासकार एन. ए. एम. रॉजर याने १९९३ साली सँडविचचे चरित्र लिहिले. सँडविच हा दीर्घकाळ काम करणारा मंत्री होता, तेव्हा असा घास तो जुगाराच्या मेजापेक्षा कामाच्या मेजाशी खात असण्याचा संभव अधिक, असे त्याचे म्हणणे आहे.

हे म्हणणेही अनुमानच आहे, हे विसरून चालणार नाही. जुगाऱ्याची कथा पुसून तिच्या जागी उद्योगी मंत्र्याची कथा तितक्याच निःशंकपणे सांगू लागलो, तर आपण फारसे काही शिकलो असे होणार नाही. खात्रीने एवढेच सांगता येते, की नाव या अर्लच्या पदवीवरून आले, ते १७६२ च्या अखेरीस रूढ झालेले होते, आणि जुगाराचा तपशील एका परदेशी प्रवाशाच्या ऐकीव माहितीवर उभा आहे.

४

तिसरा प्रश्न प्रसाराचा. एखाद्या उमरावाची लहर त्याच्या क्लबापुरती टिकते. ती शंभर वर्षांत रस्त्यावर येते तेव्हा त्यामागे उमरावाहून मोठी कारणे असतात. आमच्या मते यांतील मुख्य कारण वेळ हे आहे. अठराव्या शतकात इंग्लंडातील वरच्या वर्गाचे मुख्य जेवण दुपारकडून संध्याकाळकडे सरकत गेले. दिवसाच्या मध्यावर एक पोकळी पडली, रात्रीचा फराळ हलका झाला, आणि चूल न पेटवता उभ्या उभ्या घेता येईल अशा खाद्याची जागा निर्माण झाली. १७७३ साली प्रसिद्ध झालेल्या शार्लट मेसन हिच्या पाकशास्त्राच्या पुस्तकात सँडविचची कृती आली; म्हणजे क्लबातील पदार्थ गृहिणीच्या स्वयंपाकघरात पोहोचला. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ (१८३६–३७) या कादंबरीत घोडागाडीच्या टपावर बसून सँडविच खाणारी एक बाई कमान चुकवावयास विसरते व प्राणास मुकते, असा एक क्रूर विनोदाचा किस्सा आहे. विनोद कसाही असो, प्रवासाच्या शिदोरीत सँडविच असणे वाचकांना स्वाभाविक वाटत होते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

गरिबांच्या बाजूचा पुरावा हेन्री मेह्यू याच्या लंडनमधील श्रमिकांविषयीच्या ग्रंथात आहे. १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात त्याने हॅम, म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, घातलेले सँडविच विकणाऱ्या फेरीवाल्यांचे वर्णन केले आहे. पांढऱ्या स्वच्छ फडक्याने झाकलेली पसरट टोपली, पांढरा एप्रन, पांढऱ्या बाह्या, आणि रात्री नाटकगृहांच्या दारांशी उभे राहणे, असा त्यांचा धंदा. मेह्यूच्या हिशोबाप्रमाणे वर्षाकाठी ४,३६,८०० सँडविच एक-एक पेनीला विकली जात आणि त्यांचे १,८२० पौंड होत. असे विक्रेते सुमारे साठ होते. भागाकार केला तर दर रात्री प्रत्येकाच्या वाट्यास वीस सँडविच, म्हणजे वीस पेन्यांची विक्री येते. मांस, पाव, लोणी व मोहरी यांचा खर्च त्यातूनच वजा व्हावयाचा. सँडविच लोकप्रिय झाले असे आपण एका वाक्यात लिहितो, त्या वाक्यामागे पहाटेपर्यंत थंडीत ताटकळणारी ही माणसे आहेत. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव पदार्थास मिळाले नाही.

याच सुमारास आगगाडी आली. लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग १८३० साली सुरू झाला, परंतु भोजनाचा डबा इंग्लंडातील गाडीस १८७९ पर्यंत जोडला गेला नव्हता. मधल्या अर्धशतकात प्रवाशांची भूक स्थानकावरील उपाहारगृहांनी भागविली आणि तेथील शिळ्या सँडविचांची अपकीर्ती झाली. डिकन्सने १८६६ सालच्या नाताळ अंकातील ‘मग्बी जंक्शन’मध्ये या उपाहारगृहांची यथेच्छ टर उडविली आहे. दुसरीकडे श्रीमंतांच्या दुपारच्या चहाबरोबर कडा कापलेली, काकडीच्या पातळ चकत्या घातलेली सँडविच प्रतिष्ठेची खूण ठरली. ऑस्कर वाइल्डच्या १८९५ साली रंगभूमीवर आलेल्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या नाटकाच्या पहिल्या अंकात मावशीसाठी करवून घेतलेली काकडीची सँडविच भाचाच फस्त करतो. नाटकगृहाच्या आत काकडीच्या सँडविचवर हशा पिकत होता. त्याच शहरातील नाटकगृहांच्या दारांशी पेनीचे सँडविच विकून काही माणसे पोट भरीत आली होती. एकच नाव दोन्ही वर्गांत चालले. त्यातील मालमसाला मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे बदलला.

५

अमेरिकेत एलायझा लेस्ली हिच्या १८३७ सालच्या पाकशास्त्रात हॅमच्या सँडविचची कृती आढळते. तेथे या पदार्थाने जे रूप घेतले त्यास यंत्राने मोठा हातभार लावला. ओटो रोहवेडर याने बनविलेल्या यंत्राने कापलेला पाव ७ जुलै १९२८ रोजी मिसूरी राज्यातील चिलिकोथी या गावी प्रथम विक्रीस आला. सारख्या जाडीचे काप घरी सुरीने करणे हे सवयीचे काम आहे. ते यंत्राकडे गेल्यावर सँडविच करणे लहान मुलालाही जमू लागले. शेंगदाण्याचे लोणी आणि फळांचा मुरंबा यांच्या सँडविचची कृती १९०१ सालीच बोस्टनमध्ये छापली गेली होती. ती पुढे शाळकरी मुलांच्या डब्यात घरोघर गेली. कापलेल्या पावाची सवय किती खोल गेली होती, याचे प्रत्यंतर दुसऱ्या महायुद्धात आले. अमेरिकन सरकारने १८ जानेवारी १९४३ पासून कापलेल्या पावाच्या विक्रीस मनाई केली. गृहिणींनी तक्रारी केल्या आणि ८ मार्चला, म्हणजे दोन महिन्यांच्या आतच, मनाई उठवावी लागली.

शेवटचा टप्पा म्हणजे तयार सँडविच. ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ या ब्रिटिश दुकानसाखळीने १९८० साली वेष्टनात बांधलेली सँडविच विक्रीस ठेवली. पाहता पाहता कार्यालयात काम करणाऱ्या माणसाचे दुपारचे जेवण ते हेच झाले. गिबनच्या क्लबात वीस-तीस जण निदान एका दालनात बसून खात होते. वेष्टनातील सँडविच माणूस आपल्या टेबलाशी, कागदावरील नजर न काढता, एकटाच खातो. त्या अर्थाने कामाच्या मेजाशी बसलेल्या अर्लचे चित्र, खरे असो वा नसो, आपल्या काळाला जुगाऱ्याच्या चित्रापेक्षा अधिक लागू पडते. क्लबातल्या जेवणात सँडविच ही सवड होती. कार्यालयात ती सवड संपल्याची खूण आहे.

६

आपल्याकडे पाव आला तो इंग्रजांच्या आधी. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला, आणि ‘पाव’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतला. चौथ्या हिश्श्याशी त्याचा काही संबंध नाही. आंबवण तेथे दुर्मीळ, म्हणून गोव्यातील पाव करणाऱ्यांनी माडाची सूर वापरून पीठ फुगविले. गोव्यात त्यांना पोदेर म्हणतात, आणि हाही शब्द पोर्तुगीजच. पुढे गोव्याचे कारागीर मुंबईस गेले व त्यांच्याबरोबर पावाची भट्टीही गेली. सँडविच हा शब्द मात्र इंग्रजी अमलाबरोबर आला. मुंबईच्या रस्त्यावर त्यातील मांस गेले आणि हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो व बीट यांनी त्याची जागा घेतली. नाव केंटचे, पावाची परंपरा पोर्तुगिजांची, बटाटा व टोमॅटो मुळात अमेरिका खंडाचे, आणि चटणी आपली.

याच शहरात वडापावाचा जन्म झाला. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी तो सुरू केला, असे सामान्यतः सांगितले जाते. गिरणीच्या पाळीस किंवा आगगाडीस निघालेल्या माणसाला एका हातात धरून चालता चालता खाता येईल, असा हा पदार्थ. त्याच्या प्रसाराची कारणे आणि मेह्यूच्या लंडनमधील कारणे यांत फारसा फरक नाही: दूरचे काम, थोडा वेळ, थोडे पैसे. फरक नावात आहे. वडापावाच्या नावात कोणाची पदवी नाही. त्यात काय आहे तेच त्याचे नाव सांगते. श्रमिकांच्या पदार्थांची नावे बहुधा अशीच असतात. ती माणसाच्या स्मरणार्थ ठेवलेली नसतात, जिन्नस मागण्यापुरती ठेवलेली असतात.

७

एवढ्या विवेचनावरून काय निष्पन्न होते? वस्तू पुष्कळांच्या हातून घडत येते, नाव एखाद्यास मिळते, आणि प्रसार काळाच्या गरजेने होतो. उगमकथा या तिन्ही गोष्टींची एक मोळी बांधून नाव मिळालेल्याच्या डोक्यावर ठेवते. इतिहास शिकविणाऱ्याने ती मोळी सोडावयाची असते. हवाई बेटांवरून सँडविचचे नाव केव्हाच पुसले गेले. त्याच्या आरमारी कारभाराची चर्चा आता तज्ज्ञच करतात. पावाच्या दोन कापांवर मात्र ते टिकून आहे, आणि ते टिकविण्याचे श्रेय त्याचे नसून पेनीला सँडविच विकणाऱ्यांचे, ती विकत घेणाऱ्यांचे आणि मुलांचे डबे भरून देणाऱ्यांचे आहे.

जुगाऱ्याची कथा वर्गातून काढून टाकावी, असे आमचे म्हणणे नाही. ती अवश्य सांगावी. परंतु सांगून झाल्यावर गिबनची तारीख फळ्यावर लिहावी, तिच्याखाली ग्रोस्लेची तारीख लिहावी, आणि हे दोन आकडे एकमेकांशी जुळतात का, हे मुलांना विचारावे. मग मेह्यूचा हिशोब त्यांच्याकडून करवून घ्यावा आणि रात्रीच्या वीस पेन्यांत घर कसे चालत असेल, हेही विचारावे. गोष्ट त्यांना तितकीच आवडेल, आणि ऐकलेली गोष्ट तपासून पाहण्याची सवय त्या निमित्ताने लागेल. ही सवय पुढे मोठमोठ्या उगमकथा ऐकताना त्यांच्या उपयोगी पडेल.